अकरावीचं गणित होमवर्कमध्ये अडतंय, कोचिंग लावू की घरी ट्यूशन?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा मलाही वाटलं की नेहमीचंच आहे, कोचिंग की ट्यूशन. मी बरोबर समजले का ते बघा. मुलगी ११वीत, सीबीएसई, इंग्लिश मीडियम, पीसीएम. १०वीत गणितात ८६ होते आणि आता युनिट टेस्टला ४० पैकी १३. रोज रात्री होमवर्कला बसते, अर्ध्या तासात रडारड, मग तुम्ही बँकेतून दमून आलेल्या, मोबाइलवर उत्तर शोधून देता आणि ती ते उतरवून मोकळी होते. सासरे मदतीला बसतात तर नात म्हणते, आजोबा आमच्याकडे असं नसतं, की झाला वाद सुरू. मिस्टर म्हणतात भंवरकुआंला, म्हणजे आपल्या इंदूरच्या कोचिंगवाल्या भागात, कोचिंगला टाकू, तुम्हाला वाटतं कोणीतरी घरी यावं, आणि मुलगी म्हणते ॲपचं सबस्क्रिप्शन घेऊन द्या.

मी इंदूरला रामबागेत २६ वर्षं घरी गणिताच्या ट्यूशन घेते, ८वी ते १२वी. माझी पहिली विद्यार्थिनी माझी भाचीच होती म्हणून सगळी पोरं मला आत्याच म्हणतात, हिंदी भाषिक पोरंसुद्धा. तेव्हा जे सांगते ते माझ्या दिवाणखान्यातल्या सतरंजीवर बसून बघितलेलं आहे, कुठल्या ट्रेनिंगमधलं नाही.

तुम्ही विचारलंय मदत कोणाकडून घ्यायची. मला वाटतं त्याच्या आधीचा प्रश्न राहून गेलाय, ती नेमकी कुठल्या ओळीवर अडते. चॅप्टर नाही विचारत मी, ओळ विचारतेय. चॅप्टर सगळेच सांगतात, "ट्रिगोनोमेट्री कच्ची आहे" म्हणून. मागच्या वर्षी एक वडील हेच म्हणत मुलीला घेऊन आले. मी तिला १०वीच्या एनसीईआरटीमधला एक प्रश्न दिला, सगळ्यांनी केलेला असतो तो: (१ + साइन थीटा) भागिले कॉस थीटा, अधिक कॉस थीटा भागिले (१ + साइन थीटा), याचं उत्तर २ सेक थीटा येतं हे दाखव. आणि मी गप्प बसून तिची पेन्सिल बघत राहिले.

तिनं छेद सारखे केले, अगदी बरोबर. खाली कॉस गुणिले (१ + साइन), वर (१ + साइन) चा वर्ग अधिक कॉसचा वर्ग. मग वर्ग सोडवला आणि लिहिलं १ + साइन वर्ग. बस, इथेच. मधले २ साइन गेले. पुढचं सगळं तिनं नीट केलं, साइन वर्ग अधिक कॉस वर्ग म्हणजे १, वर राहिले २, आणि खाली मात्र ते (१ + साइन) चिकटून राहिलं, जाता जाईना. वर २ दिसतात म्हणून उत्तर जवळ आलंय असं वाटतं, पण येत नाही. चार वेळा खोडलं, कागदाला भोक पडलं, आणि मग डोळे भरले. मधले २ साइन असते तर वर २ + २ साइन झालं असतं, २ कॉमन काढले की (१ + साइन) वरखाली कटून २ भागिले कॉस, म्हणजे २ सेक.

आता मला सांगा, यात ट्रिगोनोमेट्री कुठे कच्ची आहे? हे तर ८वीतलं (अ + ब) चा वर्ग आहे. तिला ते सूत्र पाठ होतं हं, विचारलं तर धडाधडा म्हणाली. अ आणि ब असले की येतं, त्या जागी १ आणि साइन थीटा आले की हात आपोआप शॉर्टकट मारतो. आणि हीच चूक वेगवेगळे कपडे घालून सगळीकडे येते: वर्गमूळ आतल्या बेरजेवर वाटून टाकणं, साइन (ए + बी) ला साइन ए + साइन बी लिहिणं, सगळा एकच आजार. त्यावर माझं एकच औषध, शंका आली की आकडे घालून बघ. २ आणि ३ घे, बेरजेचा वर्ग २५, वेगवेगळ्या वर्गांची बेरीज १३, मग कसं सारखं? साइन (३० + ६०) म्हणजे साइन ९०, ते १. आणि साइन ३० अधिक साइन ६० होतात ०.५ अधिक ०.८६६, म्हणजे १.३६६, साइन तर १ च्या वर जातच नाही! हे एकदा स्वतःच्या हातानं केलं की पोरं विसरत नाहीत, मी शंभर वेळा ओरडून सांगितलं तरी विसरतात.

म्हणून तुम्ही मोबाइलवरचं उत्तर देता तेव्हा काय होतं बघा. उत्तर बरोबर असतं, ती उतरवते, वही पूर्ण, मॅडमची टिक पण मिळते. पण तिची दुसरी ओळ चुकली होती हे तिला कळलंच नाही कारण तिची दुसरी ओळ कोणी बघितलीच नाही. तुम्हाला बोल लावत नाहीये ताई, हे पाप मी स्वतः केलंय. ट्यूशन सुरू केल्या त्या पहिल्या वर्षी एका मुलाचा रोजचा होमवर्क मी फळ्यावर सोडवून द्यायचे, तो छान उतरवायचा, शाळेत होमवर्कला पैकीच्या पैकी. हाफ इयरलीला नापास. त्याची आई पेपर घेऊन आली, काही बोलली नाही, फक्त पेपर माझ्यासमोर ठेवला. अजून आठवतं मला. तेव्हापासून मी होमवर्क करून देत नाही, करताना बघते.

आता हे सगळं परिस्थितीवर आहे हे पण सांगते. तुमच्या मुलीची गाडी अशी जुन्याच खड्ड्यात अडकत असेल तर एक गोष्ट, आणि तिचं मागचं पक्कं आहे पण ११वीच्या नव्या कल्पना डोक्यावरून जातायत तर वेगळी गोष्ट. पुढे जेईई द्यायची आहे की फक्त बोर्ड, यानं पण फरक पडतो. ८६ मार्कांवरून यातलं काहीच कळत नाही, १०वीत पॅटर्न पाठ करून सुद्धा ८६ येतात. आणि तिला झोप किती मिळते तेही बघा, रात्री साडेदहाला गणित उघडलं तर मला सुद्धा वजाबाकी येणार नाही.

शोधायचं कसं? तो १३ मार्क मिळालेला पेपर काढा आणि तिलाच प्रत्येक चुकीसमोर लिहू द्या: चिन्ह चुकलं, कंस चुकला, प्रश्नच कळला नाही, की सुरूच करता आलं नाही. तासाभरात चित्र साफ होतं. पहिल्या दोन प्रकारच्या चुका जास्त निघाल्या तर खजूरी बाजारातून ८वी आणि ९वीची जुनी गणिताची पुस्तकं आणा, सुट्टीच्या दिवसांत रोज ४० मिनिटं, फक्त अपूर्णांक, कंस, सर्वसमिका म्हणजे (अ + ब) चा वर्ग वगैरे सूत्रं, आणि फॅक्टर. पोरांना लाज वाटते ८वीचं पुस्तक उघडायला, मी जुन्या कॅलेंडरचं कव्हर घालून देते, काम होतं. खान अकॅडमी माहीत असेल तुम्हाला, तिची सुरुवातच अशी झाली, २००४ मध्ये साल खान नावाचा एक जण आपल्या नात्यातल्या नादिया नावाच्या बहिणीला लांबून फोनवर गणित शिकवायला लागला, आणि ती अडली होती ती एककं बदलण्यावर. हुशार मुलगी, एका छोट्या गोष्टीपायी मागे पडत होती.

पण ११वीत एक खरा नवीन डोंगर आहे आणि तो जरा नीट सांगते, कारण ८६ वाली मुलं इथेच कोसळतात. १०वीपर्यंत साइन म्हणजे काटकोन त्रिकोण. आपल्या इकडे सगळ्यांना "लाल बटा कक्का" पाठ असतं, लंब भागिले कर्ण, आधार भागिले कर्ण, लंब भागिले आधार, इंग्लिश मीडियमवाले "पंडित बद्री प्रसाद, हर हर बोले" म्हणतात, काम तेच. आणि ११वीत तिसऱ्या चॅप्टरला अचानक साइन १५० विचारतात. पोर त्रिकोण काढायला जाते, काटकोन त्रिकोणात १५० चा कोन बसणारच कसा? पण वर्गात सगळे लिहितायत म्हणून विचारत नाही आणि "ऑल सिल्व्हर टी कप्स" पाठ करून टाकते. पाठ केलेलं टेस्टमध्ये उडतं.

मी काय करते, स्टीलची एक जुनी थाळी घेते, मध्यबिंदूवर मार्करनं आडवी आणि उभी रेघ, आणि काठावर एक टिकली चिकटवते. थाळीची त्रिज्या १ समजायची. टिकली उजवीकडून सुरू होऊन घड्याळाच्या उलट फिरते, आणि तिची आडव्या रेघेपासूनची उंची म्हणजे साइन, उभ्या रेघेपासूनचं आडवं अंतर म्हणजे कॉस. ३० वर थांबव, उंची बघ, अर्धी. आता १५० वर ने. पोरं स्वतःच म्हणतात, "आत्या, उंची तर तेवढीच आहे!" हो ना, म्हणून साइन १५० पण अर्धा. पण टिकली आता डावीकडे गेली म्हणून कॉस मायनस. टी कप्सची गरजच संपली. आणि हे काही नवीन खूळ नाही, आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ग्रंथात पावणेचार पावणेचार अंशांच्या अंतराने २४ 'ज्या' दिल्यात ('ज्या' हे साइनचं तेव्हाचं नाव), त्या वर्तुळातल्याच आहेत, अर्ध्या जीवा. ज्या-जीवाचं अरबीत जिबा झालं, पुढे लॅटिनमध्ये सायनस, आणि आपल्याकडे साइन होऊन परत आलं.

रेडियन पण त्याच थाळीवर. त्रिज्येएवढा दोरा कापायचा आणि काठावर लावायचा. एका दोऱ्यानं मध्यावर जो कोन झाला तो एक रेडियन, साधारण ५७ अंश. अर्ध्या काठावर तीन दोरे बसतात आणि थोडी जागा उरते, तीन आणि ते थोडं मिळून पाय (π). म्हणून पाय रेडियन म्हणजे १८० अंश. २० मिनिटांचं काम आहे, आणि यानंतर ती पाय भागिले ६ ला बघून घाबरत नाही. जमलं तर एखाद्या रविवारी उज्जैनला वेधशाळेत घेऊन जा, तिथलं सम्राट यंत्र, सूर्याच्या सावलीचं घड्याळ, म्हणजे दगडविटांचा भलामोठा काटकोन त्रिकोणच आहे, त्याच्या तिरक्या भिंतीचा जमिनीशी कोन उज्जैनच्या अक्षांशाएवढा, २३ अंशांच्या थोडा वर. तासभराचा रस्ता आहे, महाकालचं दर्शन पण होतं, आजोबाही खुश.

स्टॅटिस्टिक्सचं फार नाही सांगत, तिथे मुलं कमी अडतात, चुकतात जास्त. १०वीतल्या मीडियनच्या (मधल्या किमतीच्या) सूत्रात संचयी वारंवारता, म्हणजे तिथपर्यंतची एकूण संख्या, टेबलमधल्या आधीच्या गटाची घ्यायची असते, निम्मी मुलं मीडियन येतो त्याच गटाची घेतात. टेबलमध्ये त्या आधीच्या ओळीला पेन्सिलनं गोल करायची सवय लावा, सुटला प्रश्न. ११वीत स्टँडर्ड डेव्हिएशन येतं, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप, आणि मुलं मोठ्ठं टेबल बघून विचार करायचं सोडून देतात. मी पोह्याच्या दोन ठेल्यांचं उदाहरण देते. एकाच्या पाच दिवसांच्या प्लेटा ४८, ५०, ५२, ४९, ५१, दुसऱ्याच्या २०, ८०, ५०, ३५, ६५. दोघांची सरासरी ५०. उद्या पोहे किती भिजवायचे हे कोणाला सांगता येईल? पहिल्याला. मग तो फरक आकड्यात कसा धरायचा? सरासरीपासूनचे फरक मिळवले तर दोघांकडे शून्यच येतं, करून बघा, म्हणून वर्ग करून मिळवायचे. पहिल्याचं १०, त्याला ५ नी भागून वर्गमूळ काढलं की १.४ च्या आसपास, दुसऱ्याचं २२५०, तेच केलं की २१ च्या थोडं वर. आता तो आकडा काहीतरी बोलतो. आणि ते शून्य येणं फुकटचं चेकिंग पण आहे, फरकांची बेरीज शून्य नाही आली तर पुढे जाऊच नका, सरासरी नाहीतर वजाबाकी चुकलीय.

इथपर्यंतचं एकत्र करते म्हणजे पुढचं बोलता येईल: जुन्या चुका असतील तर ८वी-९वीचं पुस्तक आणि कोणीतरी समोर बसून बघणारं, नवीन कल्पना अडत असतील तर समजावून सांगणारं, आणि दोन्ही ठीक असून फक्त वेग कमी असेल तर भरपूर प्रॅक्टिस.

कोचिंग या तिसऱ्या गोष्टीसाठी चांगलं. भंवरकुआंच्या मोठ्या बॅचमध्ये फळ्यावर शिकवणारे सर हुशार असतात, पण तिची दुसरी ओळ बघायला त्यांना वेळ नाही, आणि तो त्यांचा दोष पण नाही, बॅचच तेवढी असते. ज्या मुलाचं मागचं पक्कं आहे ते तिथे पळतं, ज्याचं नाही ते शेवटच्या बेंचवर बसून नोट्स उतरवतं. म्हणजे परत तेच उतरवणं, फक्त एसीमध्ये. जेईई द्यायची असेल तर कोचिंगचा विचार जरूर करा, पण आधी दोन महिने पाया भरून घ्या, मिस्टरांना एवढं सांगून बघा.

घरी शिकवणारं कोणी ठेवलंत तर पहिले दोन दिवस तुम्ही चहाच्या निमित्तानं मागे बसा आणि एवढंच बघा की पेन कोणाच्या हातात जास्त वेळ असतं. शिकवणारा सारखा स्वतःच लिहीत असेल, कितीही सुंदर लिहीत असला तरी, नम्रपणे नको म्हणा. इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरचा एखादा मुलगा किंवा मुलगी पण चालते, बी.एड. पाहिजेच असं नाही, फक्त "कसं केलंस ते सांग" असं विचारायचं धैर्य पाहिजे आणि उत्तर ऐकायची सवय. आठवड्यातून तीन दिवस खूप झाले, मधल्या दिवशी तिला एकटीला अडू द्या.

ॲपचं म्हणाल तर फुकटातलीच पुरतात. जिओजेब्रावर ग्राफ हलवून बघता येतो, ती तर माझी लाडकी गोष्ट आहे. फोटोमॅथसारखी ॲप फोटो काढला की सगळ्या पायऱ्या दाखवतात, तर घरात एक नियम ठेवा, स्वतः १५ मिनिटं केल्याशिवाय फोटो नाही, आणि फोटो काढला की पूर्ण उत्तर उतरवायचं नाही, आपली जी ओळ वेगळी निघाली तिच्याखाली लाल रेघ मारून ॲप बंद. चॅटजीपीटी वगैरे वापरत असेल तर "उत्तर देऊ नको, माझी पहिली चूक कुठल्या ओळीत आहे तेवढं सांग" असं विचारायला शिकवा. ते कधी कधी चुकीचं पण मोठ्या आत्मविश्वासानं सांगतं, तेव्हा आकडे घालून तपासायचं औषध तिथेही लागू.

राहिले आजोबा. माझ्या मते तुमच्या घरातली सगळ्यात चांगली मदत तेच आहेत, फक्त काम बदला. ते लसावि म्हणतात, नात एलसीएम म्हणते, हिंदी मीडियमची पोरं लघुत्तम म्हणतात, गणित तेच आहे आणि भांडण शब्दांचं आहे. त्यांना सांगा की बाबा, तुम्ही शिकवू नका, तिच्याकडून शिकून घ्या. रोज एक प्रश्न तिनं आजोबांना समजावायचा, त्यांच्याच भाषेत, आणि त्यांनी प्रत्येक ओळीला "हे कसं आलं गं?" विचारायचं. मराठीत समजावताना तिला इंग्लिश वाक्यामागे लपता येत नाही. माझ्याकडच्या एका मुलाच्या आजीनं असं वर्षभर केलं, आजीला शेवटपर्यंत साइन कळला नाही पण मुलाला कळला.

आणि तुम्ही स्वतः रात्री उत्तर शोधणं थांबवा, तेवढा वेळ तिच्या शेजारी भाजी निवडत बसा. होमवर्क अर्धवट राहिला तर राहू द्या, जिथे अडली तिथे "मी इथपर्यंत आले, इथे कळलं नाही" असं वहीत लिहून शाळेत न्यायचं. पहिल्यांदा मॅडम रागावतील कदाचित, तुम्ही एकदा भेटून सांगून ठेवलंत तर बहुतेक जणी समजून घेतात, कोरी वही आणि अर्धी वही यातला फरक त्यांनाही कळतो.

तो टेस्टचा पेपर मात्र आत्ताच तिच्या बॅगेतून काढून ठेवा, बऱ्याच शाळा सह्या झाल्या की परत जमा करून घेतात. जमा झालाच असेल तर मॅडमकडून मागून मोबाइलवर फोटो तरी काढून आणायला सांगा, आणि चुकांसमोर तिनं काय काय लिहिलं ते इथे टाका, मग बघून सांगते पुढे कुठून सुरू करायचं.